काजू मशीनचं परदेशी पेटंट : बेळगावच्या टिळकवाडीतल्या पेटंट सल्लागार ऑफिसचा अनुभव

उद्यमबागेत आमचं काजू बी फोडायच्या मशीनचं वर्कशॉप आहे. चंदगड, आजरा, खानापूरचे काजूवाले आमची जुनी गिऱ्हाइकं. अलीकडे आयव्हरी कोस्टकडूनही विचारणा यायला लागली, तेव्हा नव्या कटरचं पेटंट देशाबाहेरही टाकायचं ठरलं. ते काम या ऑफिसने केलं. पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला ते पैशाच्या भागात येईल.

माझ्या हातात आधीच एका मोठ्या शहरातल्या कन्सल्टंटचं कोटेशन होतं. 'इंटरनॅशनल पेटंट', एकरकमी, वर सर्टिफिकेट. टिळकवाडीच्या ऑफिसातल्या मॅडमनी ते बघितलं आणि सरळ सांगितलं, असं पेटंट जगात कुणी देतच नाही. असतो तो पीसीटीचा, म्हणजे पेटंटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा अर्ज. तो जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) नोंदतो, असं काही आधी कुणी केलंय का याचा शोध अहवाल त्यावर येतो, आणि पहिल्या अर्जापासून १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पेटंट द्यायचं की नाही ते मात्र त्या त्या देशाचं कार्यालयच ठरवतं. मग पीसीटी करायचं कशाला? वेळेसाठी. नुसत्या भारतातल्या अर्जावर बाहेर जायचं म्हटलं तर १२ महिन्यांत सगळे देश उरकावे लागतात. पीसीटी केलं की पहिल्या अर्जापासून ३० महिने मिळतात, व्हिएतनामला ३१. त्या जास्तीच्या दीड वर्षात आमचं गिऱ्हाईक कुठं आहे ते आम्हाला नीट कळलं, आणि ब्राझील यादीतून गेलं. पोर्तुगीज भाषांतराचा खर्च करायचा आणि तिथून ऑर्डर एकही नाही, कुणी सांगितलंय!

मॅडमचा पुढचा प्रश्न होता, "मशीन कुणाला दाखवलंय का?" बेंगळुरूच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा विचार चालला होता, तो त्यांनी थांबवला. आधी अर्ज, मग स्टॉल. अर्जाआधी मशीन लोकांसमोर उघड केलं तरी अमेरिकेत अर्जाला वर्षभराची सवलत आहे, युरोपात तसं चालत नाही. आणि भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज टाकायचा नसतो, हे आमच्या इंडस्ट्रियल एरियातल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे एक तर परवानगी घ्यायची, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. मोडलं तर कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. आम्ही थांबलो.

भारतातला अर्ज आमचा चेन्नईच्या सरकारी पेटंट ऑफिसला. कर्नाटक त्या ऑफिसखाली येतं ना! वेंगुर्ला रोडने पुढे शिनोळीला शेड असती तर तोच अर्ज मुंबईला गेला असता. सीमेचा हा एक नवा हिशेब बघायला मिळाला. खरं तर सगळं ऑनलाइनच असतं, त्यामुळे फरक काही पडत नाही, पण आमच्या घरी त्यावर जेवताना बरीच चर्चा झाली.

आता मुख्य काम, म्हणजे अर्जाचं लिखाण. मी ड्रॉइंग आणि व्हिडिओ पाठवला होता. तेवढ्यावर लिहून देणारे पुष्कळ आहेत. मॅडम वर्कशॉपला आल्या, मशीनपाशी उभ्या राहिल्या, आणि बी बारीक-मोठं मिसळून घालायला लावलं. आमच्या कटरची गंमत अशी की बीच्या जाडीप्रमाणे दोन पाती स्वतःच अंतर धरतात, त्यामुळे टरफल फुटतं आणि गर अख्खा निघतो. पाकळी आणि तुकडा झाला की काजूचा भाव कुठं जातो ते काजूवाल्यांना सांगायला नको. मी आपला पात्याच्या धारेबद्दलच बोलत होतो. त्यांनी धार बाजूला ठेवली आणि पातं धरणाऱ्या क्लॅम्पचं आणि स्प्रिंगचं नातं दाव्यात (अर्जात नेमका कशावर हक्क मागतो त्या वाक्यात) लिहिलं. शोध अहवालात एक जुनं चिनी पेटंट समोर आलं, ते नेमकं पात्याच्या आकाराचं. माझ्या पद्धतीने लिहिलं असतं तर पहिल्याच दाव्यावर अडकलो असतो.

स्प्रिंगची कल्पना मूळ आमच्या हेड फिटरची. तो कन्नड बोलणारा, बैलहोंगलकडचा. मॅडम त्याच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, कुठला भाग कधी कसा सुचला ते सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि म्हणाल्या, "यांचं नाव संशोधक म्हणून जायलाच हवं. अर्जदार तुम्ही, पण त्यांनी हक्क तुमच्या नावे करून दिल्याचा कागद लागेल." पुढं कुणी वाद घातला तर संशोधक खोटा दाखवल्यावर अमेरिकेत पेटंट उलटू शकतं, हेही सांगितलं. कागद झाला, त्याचा मोबदलाही ठरला. मालकाचं नाव सगळीकडे घालायची आपल्याकडची सवय बघता, हे सांगणारा माणूस भेटणं मोठी गोष्ट.

देश निवडतानाही नीट समजावलं. आयव्हरी कोस्टला पीसीटीतून एकट्याने जाता येत नाही. तिथं ओएपीआय या आफ्रिकी देशांच्या सामाईक पेटंट संस्थेमार्फतच जावं लागतं. त्यांचं मुख्यालय कॅमेरूनमधल्या याउंदेला, सदस्य देश १७. एका अर्जात बेनिन, बुर्किना फासो, गिनी-बिसाऊ हे काजूचे देशही येतात, आणि इंग्रजी चालतं. व्हिएतनामला मात्र व्हिएतनामी भाषांतर लागतंच. ते महाग पडलं, पण काजू मशीन बनवणारे कारखाने तिथंच आहेत, त्यामुळे तो देश सोडून चालणार नव्हतं.

पैसे. पीसीटीची मूळ फी १,३३० स्विस फ्रँक आहे, पण सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि भारतासारख्या देशातले असतील तर त्यात ९० टक्के सूट मिळते. आमची फर्म प्रोप्रायटरी, म्हणून अर्ज माझ्या नावाने. प्रायव्हेट लिमिटेड असती तर ही सूट गेली असती. हे त्यांनी आपणहून सांगितलं. पण पुढं एकेका देशात अर्ज नेायच्या टप्प्यावर कोटेशनमध्ये फक्त त्यांची फी होती. तिथल्या वकिलाचं बिल, भाषांतर, बँकेचे चार्जेस, रिव्हर्स चार्जचा (परदेशी सेवेवर आपणच भरायचा) १८ टक्के जीएसटी, आणि ओएपीआयची दरवर्षीची फी (ती पेटंट मिळायच्या आधीपासूनच भरावी लागते), हे सगळं एकेक करून ईमेलने आलं. सगळं खरं होतं, पावत्याही आल्या, पण सुरुवातीला एका कागदावर मांडून द्यायला काय हरकत होती? तारा इथं कापलाय. एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत परदेशी पेटंटला ५ लाखांपर्यंत परतावा आहे, पण तो पेटंट मंजूर झाल्यावर. तोवर खिशातूनच.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आम्हाला परदेशातून एक बिल आलं. वर गोल चिन्ह, खाली 'रजिस्ट्रेशन फी', कागद अगदी सरकारी वाटावा असा. अशी खोटी बिलं येतात हे मॅडमनी आधीच लिहून दिलं होतं, वायपोही तसा इशारा देतं. आमच्या हिशेबनिसांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

ट्रेडमार्कचं काम मी यांच्याकडे केलेलं नाही, त्यामुळे त्यावर मत नाही.

ऑफिस दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, जिना चढून वर. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. जाताना ड्रॉइंगपेक्षा चालू मशीनचा सुटा भाग न्या, आणि ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्या माणसालाही.