लेकीचं ए लेव्हल फ्रेंच : दीड वर्षानंतर

लेकीने सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, ए लेव्हलसाठी फ्रेंच घेते म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. मीही पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. आमच्यात ते मार्कांसाठीच घ्यायचे: क्रियापदं पाठ करायची, चार उतारे, एक पत्र, आणि टक्केवारी वर. त्याच वयाच्या मुलांकडून इथे इंग्लंडमध्ये त्याच भाषेत काय मागतात, हे मला दीड वर्ष तिच्यासोबत जेवणाच्या टेबलावर बसल्यावर कळलं. इथल्या आपल्या मंडळींची मुलं आता विषय निवडतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं बोर्ड एक्यूए. पेपर तीन. ऐकणं, वाचणं आणि भाषांतर मिळून अडीच तास, ५० टक्के. लेखन दोन तास, २० टक्के. त्यात एक निबंध पुस्तकावर आणि एक चित्रपटावर, किंवा दोन्ही पुस्तकांवर. तोंडी परीक्षा तयारीची पाच मिनिटं धरून २१ ते २३ मिनिटं, आणि तिला तब्बल ३० टक्के. शब्दकोश कुठेही चालत नाही.

पहिल्या सहामाहीत मला धास्तीच वाटली. हे भाषेचं पुस्तक आहे की नागरिकशास्त्राचं? बदलती कुटुंबं, तुरुंग, संप, स्थलांतर, मतदान. फ्रान्समध्ये १९९९ साली आलेला नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा, २०१३ चा समलिंगी विवाहाचा कायदा, १९८१ ला रद्द झालेली फाशी. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचा कायदा आला तेव्हा लोक रस्त्यावर का उतरले, यावर तिला दोन्ही बाजू मांडायच्या होत्या, तेही फ्रेंचमध्ये, कागद न बघता. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, ‘माझी सुट्टी’ आणि ‘माझी शाळा’ लिहून आलेल्या मुलीला ही उडी फार मोठी होती. नोव्हेंबरात ती रडली, विषय सोडते म्हणाली. आज मात्र मला हाच या अभ्यासक्रमाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. काहीतरी ठामपणे म्हणायचं असलं की व्याकरण आपोआप लागतं. ‘असं व्हायला हवं’, ‘जरी असं असलं तरी’ म्हणायला लागली तेव्हाच तिचं सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, पक्कं झालं. मी ते बारावीत तक्त्यावरून पाठ केलं होतं आणि वर्षभरात विसरले.

चित्रपट होता ‘ला एन’, १९९५ चा, कृष्णधवल. पॅरिसबाहेरच्या वस्तीतले तीन मित्र, एक ज्यू, एक अरब, एक कृष्णवर्णीय, आणि पोलिसांशी झालेल्या दंगलीनंतरचा एक दिवस. त्यातली पोरं व्हेर्लां बोलतात, म्हणजे शब्दाचे तुकडे उलटे फिरवून. ‘फाम’चं (बाई) ‘मफ’, ‘फ्लिक’चं (पोलीस) ‘कफ’. मी तिला आमची ‘च’ची भाषा बोलून दाखवली आणि पुढचा अर्धा तास आमचा अभ्यास बाजूलाच राहिला. पण त्या रात्री तिला मुद्दा नेमका कळला: आपल्यातलं बोलणं बाहेरच्याला कळू नये असं कुणाला, का वाटतं. तिच्या निबंधाची सुरुवात तिथूनच झाली.

मराठीचा फायदा किती होतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फ्रेंचमध्ये ‘मी लिहिलेलं पत्र’ म्हणताना पत्र स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला लेत्र क जे एक्रीत’. पुस्तक पुल्लिंगी, म्हणून ‘ल लिव्र क जे एक्री’. कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. वर्गातल्या इंग्रज मुलांना हे महिनोन्‌महिने झेपत नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, ‘मी लाडू खाल्ला, मी पोळी खाल्ली’. ती थांबली, हसली, आणि त्यानंतर ती चूक तिने क्वचितच केली. तू आणि तुम्ही यांतला फरक तर तिला घरातच मिळालेला.

तोंडी परीक्षेसाठी स्वतः निवडलेला संशोधनाचा विषय लागतो, आणि तो फ्रेंच भाषिक देशाशी जोडलेला हवा. तिने मार्सेय, म्हणजे आपलं मार्सेलिस, निवडलं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून घेतलेली उडी आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण तिचा प्रश्न फ्रान्सचा होता: फ्रेंच भूमीवर पकडलेल्या माणसाला फ्रेंच शिपायाने ब्रिटिशांच्या हवाली करणं योग्य होतं का? समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ या वर्तमानपत्राने हे प्रकरण लावून धरलं होतं. ते जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या साइटवर फुकट वाचता येतात. पुढे वाद हेगच्या लवादात गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. अटकेत चूक झाली, पण सावरकरांना फ्रान्सकडे परत देण्याचं ब्रिटनवर बंधन नाही. माझी सोळा-सतरा वर्षांची मुलगी शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र मूळ फ्रेंचमध्ये वाचत होती. मला भरून आलं.

आता तक्रार. वर्गात सहाच मुलं होती, म्हणून शाळेने दुसऱ्या वर्षी दोन्ही वर्षांचे काही तास एकत्र केले. बोलण्याचा सराव अर्ध्यावर आला. ३० टक्के ज्याला आहेत त्याचेच तास कापणं मला अजिबात पटलं नाही. मी लिहून कळवलं, फरक पडला नाही. प्रवेश घेण्याआधी वर्गात किती मुलं आहेत आणि बोलण्याचे तास कोण घेतं, एवढं नक्की विचारा. शिकवणी आम्ही लावली नाही. त्याऐवजी आरएफआय रेडिओवरच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज ऐकतो. दहा मिनिटांच्या असतात, लिखित मजकूरही मिळतो. ऐकण्याच्या पेपरात तिचे गुण वाढले ते याच सवयीने.

फक्त ग्रेड हवी असेल तर हा विषय घेऊ नका, मेहनत फार आहे. ज्या मुलाला वाद घालायला आवडतं, बातम्या बघायला आवडतात, त्याने जरूर घ्यावा, जीसीएसईला नऊ, म्हणजे सर्वांत वरची ग्रेड, नसली तरी.

तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. रोज रात्री मी पोळ्या लाटते आणि माझ्या गंजलेल्या फ्रेंचमध्ये तिला मार्सेयवर प्रश्न विचारते. काल तिने माझ्याच एका शब्दाचं लिंग दुरुस्त केलं आणि तव्यावरची पोळीही उलटली.