फोल्डरांवरून ‘यूझर्स’ गट काढायचाय: आयकॅकल्स की सेट-एसीएल?

फाइल सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर विभागवार फोल्डर केलेले असतात आणि प्रत्येकाच्या परवानग्यांत ‘यूझर्स’ गट (सर्व्हरची सगळी सामान्य खाती ज्यात येतात तो) आपोआप येऊन बसलेला असतो. ड्राइव्हच्या मुळाशीच विंडोज या गटाला वाचायची आणि नवे फोल्डर करायची मुभा देऊन ठेवतं, ती खाली झिरपते. दोन-चार फोल्डर असतील तर सिक्युरिटी टॅब उघडून माउसने काढा, वाद नाही. संख्या वाढली की कमांडच हवी. मग परवानग्या बदलणारी जुन्या वळणाची आयकॅकल्स ही कमांड घ्यायची की पॉवरशेलमधली (विंडोजची नवी कमांड-भाषा) गेट-एसीएल आणि सेट-एसीएलची जोडी, म्हणजे एकीने परवानग्यांची यादी (एसीएल) वाचायची आणि दुसरीने लिहायची? मी दोन्हींवर बरंच काम केलंय. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते वाचताना कळेलच.

एक अडचण दोघांनाही सारखीच आहे. वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेली परवानगीची नोंद यातलं कुठलंच साधन खालच्या फोल्डरवर थेट पुसत नाही. आयकॅकल्सला ‘/रिमूव्ह:जी’ (दिलेली परवानगी काढ) सांगा. ते काहीही न काढता ‘फाइल यशस्वीपणे हाताळली’ असा संदेश देऊन मोकळं होतं. हा त्याचा खरा दोष, आणि नवख्या माणसाला तो हमखास फसवतो. म्हणून आधी ‘/इनहेरिटन्स:डी’ देऊन वारसा तोडायचा, म्हणजे वरच्या नोंदी फोल्डरच्या स्वतःच्या होतात, आणि मग पुढच्या ओळीत गट काढायचा. ‘डी’च्या जागी ‘आर’ टाकलंत तर वारशाच्या सगळ्याच नोंदी उडतात, ॲडमिनिस्ट्रेटर्ससकट. शिवाय या पायरीला ‘/टी’ (आतल्या सगळ्या फाइल-फोल्डरांनाही हेच कर) लावू नका. लावलंत तर आतल्या प्रत्येक फाइलचा वारसा तुटतो आणि पुढे वर केलेला कुठलाही बदल खाली पोचत नाही. वरच्या फोल्डरवर बदल केला की तो आत आपोआप उतरतो. आत कुणी हाताने वेगळी परवानगी दिली असेल तिथेच ‘/टी’चं काम, तेही फक्त ‘रिमूव्ह’साठी.

पॉवरशेलमध्ये हेच करायला ‘सेट-ॲक्सेस-रूल-प्रोटेक्शन’ला दोन्ही जागी ट्रू द्यायचं (वारसा तोड, पण वरच्या नोंदी ठेव), सेट-एसीएलने लिहायचं, पुन्हा गेट-एसीएलने वाचायचं, मग ‘पर्ज-ॲक्सेस-रूल्स’ने गट काढायचा आणि पुन्हा लिहायचं. मधलं वाचन गाळता येत नाही, कारण वारशाच्या नोंदी फोल्डरच्या मालकीच्या होतात त्या लिहिल्यानंतरच. स्क्रिप्ट एकदा जमली की याचं ओझं वाटत नाही, हे खरं.

माझा कौल ठरला तो वेगळ्याच कारणाने. सेट-एसीएलला नुसती परवानग्यांची यादी बदलून भागत नाही. ते फोल्डरचा अख्खा सुरक्षा-तपशील परत लिहायला बघतं, मालकाच्या नावासकट. सातबाऱ्यावरचं एक जुनं नाव कमी करायला गेलात आणि तलाठ्याने सगळा उतारा नव्याने लिहायला घेऊन मूळ मालकाची सही मागितली, असा प्रकार. तुम्ही त्या सर्व्हरचे पूर्ण ॲडमिन असाल तर हे जाणवणारही नाही. पण माझ्यासारखं ज्यांना दुसऱ्याच्या सर्व्हरवर शेअरच्या वाटेने (नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरमधून) फक्त फुल कंट्रोल, म्हणजे फोल्डरवरची पूर्ण परवानगी, मिळतो, त्यांचं इथे अडतं. फोल्डरचा मालक कुणी जुना कर्मचारी असतो, आणि सेट-एसीएल ‘अनधिकृत कृती’ म्हणून लाल अक्षरं दाखवतं. काही फोल्डर होतात, काही राहतात, आणि का ते फोल्डरकडे पाहून कळत नाही. यावर तोड आहे: गेट-एसीएलऐवजी ‘गेट-ॲक्सेस-कंट्रोल’ला फक्त ‘ॲक्सेस’ हा भाग मागायचा. चालतं. पण एक नाव काढायला इतकं आठवणीत ठेवावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच फोल्डरांवर आयकॅकल्सने मला कधी मालक विचारला नाही.

पुण्यात बसून जर्मन सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जर्मन विंडोजवर या गटाचं नाव ‘बेनुत्सर’ असतं, तिथे ‘यूझर्स’ लिहिलंत तर असं खातंच नाही म्हणून उत्तर येतं. नावाऐवजी ओळख-क्रमांक द्या: एस-१-५-३२-५४५. आयकॅकल्समध्ये त्याच्या आधी तारांकन लावायचं, बस्स. डिलीट झालेल्या गटांचे मागे उरलेले नुसते क्रमांकही असेच निघतात.

पॉवरशेलला कमी लेखायचं नाही. कुठल्या फोल्डरवर कोण आहे, त्यातलं वारशाचं किती आणि हाताने दिलेलं किती, हे गाळून एक्सेलसाठी काढून घ्यायचं तर आयकॅकल्सचा मजकूर चाळणं नकोसं होतं. ऑडिटवाल्यांना तक्ता हवा असेल किंवा प्रत्येक फोल्डरचा निर्णय वेगळा असेल, तर पॉवरशेलच घ्या. मी स्वतः फोल्डर पॉवरशेलने निवडतो आणि त्याच लूपमध्ये काढायचं काम आयकॅकल्सला देतो. सीएमडीचा (जुन्या कमांड-खिडकीचा) ‘फॉर /डी’ लूपही चालतो, पण तो लपवलेले फोल्डर वगळतो. पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘-फोर्स’ आहे.

सुरुवात करण्याआधी आयकॅकल्सचं ‘/सेव्ह’ चालवून आत्ताच्या परवानग्या एका फाइलीत ठेवा. परत आणताना ‘/रिस्टोअर’ त्या फोल्डरवर न चालवता त्याच्या वरच्या फोल्डरवर चालवायचं असतं, आणि ती फाइल मध्ये नोटपॅडने उघडून दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायची नाही. काम झाल्यावर तपासणीही कमांडनेच करा. ‘यूझर्स’ निघाल्यावर सर्व्हरवर बसून साध्या एक्सप्लोररने फोल्डर उघडलात तर ॲडमिनलाही परवानगी नसल्याची खिडकी येते, आणि तिच्यातलं ‘कंटिन्यू’ दाबलं की विंडोज तुमचं स्वतःचं नाव त्या फोल्डरवर कायमचं चढवून ठेवतं.