रंग मारून माझाच फॅन क्लच मला विकला

पहाट, इंजिन थंड, तापमानाचा काटा तळाशी, आणि रेडिएटरचा पंखा मात्र चावी फिरवल्यापासून घोंगावतोय. केबिनमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. दोन फेऱ्यांतच गाडी चढाला मरगळली आणि डिझेलही जास्त खाऊ लागली. जड ट्रकमध्ये पंखा इंजिनला जोडणारा-सोडणारा भाग म्हणजे फॅन क्लच; त्याने पंखा पूर्ण पकडला की तो एकटाच ५० हॉर्सपॉवरच्या घरात ताकद ओढतो, तेव्हा हे व्हायचंच होतं. मी गाडी गॅरेजला लावली.

तिथल्या मिस्त्रीने केबिन उचलली, हाताने पंखा ओढून बघितला आणि म्हणाला, "जाम आहे बघा मालक. आतली सीलं गेलीत. हवा पुरत नाही म्हणून क्लच पकडत नाही. अख्खा क्लच नवा टाकावा लागेल." स्कॅनरही लावला, पण पडदा स्वतःकडेच ठेवला. "सेन्सर ठीक आहेत," एवढंच सांगितलं.

मी मान डोलावली. आज त्या वाक्याकडे बघतो तेव्हा माझीच कीव येते. माझी तक्रार होती की पंखा सुटत नाही, आणि हा सांगत होता की क्लच पकडत नाही! दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? पण मला तेव्हा माझ्या गाडीतला क्लच कोणत्या जातीचा आहे, हेच माहीत नव्हतं.

हवेवर चालणारे हे क्लच दोन तऱ्हेचे येतात. एकात हवा दिली की पंखा पकडतो आणि हवा काढली की स्प्रिंग त्याला सोडवते. दुसऱ्यात बरोबर उलटं: स्प्रिंगने तो कायम पकडलेला असतो आणि हवेने सुटतो. पहिल्यात हवा गेली तर पंखा फिरणार नाही, इंजिन तापेल. दुसऱ्यात हवा गेली तर पंखा थांबणारच नाही, पण इंजिन वाचेल. माझा दुसरा. म्हणजे पंखा सतत फिरतोय याचा सरळ अर्थ क्लचपर्यंत हवा पोचत नाही किंवा आत टिकत नाही. पोचत नसेल तर क्लचचा दोषच नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या माणसाने ती पाच मिनिटं दिली नाहीत.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. क्लच काळा कुळकुळीत, बिलावर 'नवीन फॅन क्लच असेंब्ली'. जुना मागितला तर म्हणे कंपनीला परत द्यावा लागतो. पंखा शांत होता, म्हणून मीही शांत बसलो.

आठवडा-दीड आठवड्यातच घोंगाट पुन्हा सुरू. या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो, वयस्कर माणूस. त्याने आधी एसी बंद करायला लावला, कारण एसीच्या गॅसचं प्रेशर वाढलं तरी इंजिनचा कंट्रोलर पंखा लावतो. मग डॅशवरचा पंख्याचा स्विच बघितला. इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवली ("हा पंखा कधी फिरेल सांगता येत नाही, बोटं जातात") आणि क्लचला येणारी हवेची नळी सोडून वर्कशॉपच्या कंप्रेसरची लावली. काटा ९० पीएसआयच्या पुढे गेला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. मला म्हणाला, पातं ढकल. पंखा एका बोटाने फिरला. नळीवरचा कॉक बंद करून आम्ही काटा बघत बसलो. तो हलला नाही. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. क्लच ठणठणीत.

मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे क्लचकडे जाणारी हवा विजेवर चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह. टाकीकडून हवा येत होती, क्लचकडे जात नव्हती. माझ्या गाडीत व्हॉल्व्हला करंट असेपर्यंत हवा पुढे जाते आणि करंट तुटला की पंखा लागतो. चावी लावून त्याने कनेक्टरवर टेस्ट लॅम्प धरला. अंधार. वायर जरा हलवली, दिवा लागला. सोडली, विझला. ब्रॅकेटच्या कडेवर घासून वायरचं कव्हर गेलं होतं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडून दोन-तीन धाग्यांवर लोंबत होती. स्कॅनरवरही पंख्याचं सर्किट तुटल्याचा कोड स्पष्ट दिसत होता. पहिल्या गॅरेजमध्ये क्लच काढता-घालताना वायर हलली असणार, म्हणून थोडे दिवस पंखा सुटला. तेवढ्यावरच त्याचं काम 'झालं'.

वायर जोडून, वर स्लीव्ह चढवून मिस्त्री हात पुसत होता. नळीचा जोड बसवण्याआधी त्याने वायर ब्रशने ती जागा घासली होती आणि तिथला काळा रंग उडाला होता. रंगाखाली कडेला एक छोटा चर दिसला, स्वल्पविरामासारखा. मी वाकून बघतच राहिलो. मागे पट्टा बदलताना माझ्याच हातातून पाना निसटला, तेव्हाचा तो चर.

बिल घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो. आधी म्हणाला, असे चर सगळ्यांवर असतात. मग म्हणाला, सीलं तर नवी टाकली ना. मी म्हटलं, बिलावर सील लिहा आणि उरलेले पैसे द्या. बिलावर क्लचचा सीरियल नंबर कुठेच नव्हता, आणि त्याची पट्टी क्लचवर होती ती जागा खरवडून रंगवलेली. मीही घेताना बघितलं नव्हतं. अर्धे पैसे मिळाले, तेही तीन चकरांनंतर.

आता माझ्या टूलबॉक्समध्ये कनेक्टर लावलेली मीटरभर नळी आणि एक टेस्ट लॅम्प असतो. भाग बदलायचा म्हटलं की आधी मी त्यावर पंचने तीन ठिपके मारतो, मिस्त्रीच्या समोरच.