बीटी सरकी की देशी कापूस: पाकीट घेण्याआधी

बीटी लावली की अळीची काळजी मिटली, हे 2002 साली बऱ्यापैकी खरं होतं. हिरव्या बोंडअळीला तिनं आवरलं. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक झाडात घातलेला. अळीनं बोंड कुरतडलं की त्यातलं प्रथिन तिचं आतडं फोडतं. 2006 ला दोन जनुकांची बीजी-2 आली. मग गुलाबी अळीनं दोन्ही पचवली, आणि 2017 ला आपण ते उभ्या पिकात पाहिलं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडावं तर आत दोन सरक्या जोडून अळी बसलेली, कापसाची कवडी झालेली. दोष आपलाही आहे: अळीला बीटी पचू नये म्हणून कडेनं लावायची, पाकिटासोबतची बिगर बीटीची पुडी कित्येकांनी बांधावर टाकली (मीही), वर फरदड ओढत राहिलो, म्हणजे हंगाम सरला तरी पीक उभंच ठेवलं.

मावा-तुडतुड्यांचं बीटीचा जनुक काहीच करत नाही. तिथं देशी उजवी. परभणी विद्यापीठाच्या पीए 255 सारख्या वाणांना रसशोषक किडी कमी लागतात, पाण्याचा ताण सोसतो, बी घरचं ठेवता येतं. बीटी बहुतेक संकरित, म्हणून दरसाल नवं पाकीट. पण हिरव्या अळीसाठी देशीवर फवारा मारावा लागतो. आणि खरी अडचण वेचणीची: बोंड लहान, फुटलं की कापूस गळतो, घाई करावी लागते. बाया किलोवर वेचतात; बारक्या बोंडाला त्या नाक मुरडतात, त्यांचंही बरोबरच आहे. वर व्यापारी देशी म्हटलं की आधी भाव पाडून बोलतो.

माळाची हलकी जमीन आणि विहीर नसेल तर मी देशीच लावीन, तीही दाट, घरची माणसं वेचायला असतील तरच. काळी खोल जमीन आणि एखाद-दुसरं पाणी असेल तर बीटी, पण कमी दिवसांची, आणि डिसेंबर संपायच्या आत पळाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, शेताबाहेर. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणी टाळू नका. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की उकलून बघा, अळी आतच असते.

तिसरं पाकीट गुपचूप मिळतं, चोरबीटी. तणनाशक सोसते म्हणतात, पण तिला परवानगीच नाही. माझी दीड एकर एका वर्षी निम्मीच उगवली. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न होता: पावती?