क्रोशाच्या पायपुसण्यासाठी टी-शर्ट यार्न: घ्यावं का?

बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यासाठी अ‍ॅक्रिलिक लोकर घेऊ नका. ती पाणी शोषत नाही, नुसतं पसरवते. होजियरी कापडाच्या पट्ट्यांचं हे यार्न त्याहून कितीतरी बरं. ५० × ७५ सेंमीच्या आयताला मुक्या खांबात (सिंगल क्रोशे, म्हणजे सर्वात बुटका टाका) साधारण सव्वा ते दीड किलो लागतं. सुई १० मिमीची घ्या. ८ मिमीने वीण घट्ट बसते, मनगट भरून येतं आणि पायपुसणं पुठ्ठ्यासारखं ताठ होतं.

खरी अडचण मालाच्या एकसारखेपणाची. हे बहुतेक कारखान्यातलं कातरण असल्यामुळे एकाच गुंडीत पट्टी कुठे बोटभर, कुठे दोऱ्याएवढी निघते. त्यात मध्येच शिवणीचे जोड. ते तसेच विणले की पायाला टोचतात. तिथे कापून टोकं एकमेकांवर ठेवून शिवा, गाठ मारू नका. लेबलवर ‘कॉटन’ असलं तरी एक तुकडा जाळून बघा: सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी.

गोल विणताना ६ मुक्या खांबांनी सुरुवात करून दर फेरीत ६ वाढवा. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त झाले तर झालर. पट्टी जाड निघाली की हाच हिशोब थोडा चुकतो, म्हणून दर दोन फेऱ्यांनी जमिनीवर पसरून बघायचं.

ओलं झाल्यावर भलतंच जड होतं आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यामुळे दोन विणा. खाली रबरी जाळी हवीच, नुसतं फरशीवर सरकतं. गडद लाल मात्र टाळा, रंग जातो.