शाळेत नावडलेलं ‘१९८४’: दोन वाचनं

जॉर्ज ऑरवेलची ही कादंबरी शाळेत कंटाळवाणी वाटते, यात मुलांचा दोष नाही. तिथे ती राजवटीचा सर्वेसर्वा ‘बिग ब्रदर’, घराघरात पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन आणि हुकूमशाहीवरची पाच मार्कांची टीप एवढीच उरते. दहा-बारा वर्षं नोकरी झाल्यावर वाचली की लक्षात येतं, ही मुळात एका कारकुनाची गोष्ट आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलणारा हा विन्स्टन ३९ वर्षांचा, लिफ्ट बंद, सात मजले चढायचे आणि घोट्यावरची जखम ठणकतेय.

पुस्तक खरं सुरू होतं ते भाग १, प्रकरण ४ मध्ये. बुटांचा तिमाही अंदाज १४.५ कोटी जोड, उत्पादन ६.२ कोटी. विन्स्टन जुना अंदाजच ५.७ कोटी करून टाकतो, झालं उद्दिष्ट पार! एकही बूट तयार झाला नसेल, हेही त्याला ठाऊक आहे. मार्चअखेरीला टार्गेटचे आकडे बसवलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्याच प्रकरणात चॉकलेटचं रेशन ३० वरून २० ग्रॅमवर आलेलं असताना ते २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्या’बद्दल आभाराच्या मिरवणुका निघतात.

वाचक हमखास अडकतो तो भाग २, प्रकरण ९ मध्ये. राजवटीचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकातली पानंच्या पानं, आणि कथानक ठप्प. विन्स्टनची प्रेयसी ज्यूलियासुद्धा ऐकता ऐकता झोपते, तेव्हा आपण जांभई दिली तर बिघडत नाही. पहिल्या खेपेला हा मजकूर चाळून पुढे जावं आणि कादंबरी संपली की सलग वाचावा. जास्तीचं उत्पादन युद्धात जाळून लोकांना गरीब ठेवण्याचा हिशेब तेव्हाच नीट पचतो. गाळू मात्र नये. अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबने हा भाग आणि परिशिष्ट काढायला सांगितलं, तेव्हा ऑरवेलने साफ नकार दिला होता.

ज्यूलिया दुसऱ्या वाचनातही पातळच राहते. तिसऱ्या भागात विन्स्टनचा छळ करणाऱ्या ओब्रायनची व्याख्यानं लांबतात, पण तिथे घाई केली तर विन्स्टन नेमका कुठे मोडतो ते निसटतं.

प्रत घेताना शेवटची पानं उघडून न्यूस्पीकवरचं, म्हणजे राजवटीने घडवलेल्या भाषेवरचं, परिशिष्ट आहे ना, ते बघा. ते भूतकाळात लिहिलंय, जणू ती राजवट केव्हाच संपलीय. पहिल्याच प्रकरणातली तळटीप तिकडे बोट दाखवते. शाळेत ती कोण वाचतं?