हेम्प तेल फवारून आठ महिने: मावा मेला, पण नेमका कशाने?

आधी नावाचा घोळ मिटवू. हेम्प म्हणजे भांगेचे झाड, आणि 'हेम्प ऑइल' म्हणून त्याच्या दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे बिया दाबून काढलेले हिरवट तेल, जे अर्ध्या लिटरच्या बाटलीत येते. दुसरे म्हणजे फुलोरा वाफेवर उकळून मिळणारे पातळ, उडून जाणारे सुगंधी तेल, ते 10 मिलीच्या काळपट बाटलीत येते. किडींवरचे जे संशोधन लोक फॉरवर्ड करतात ते या दुसऱ्या तेलाचे आहे, आणि मागवतात मात्र पहिले, कारण ते स्वस्त दिसते. बियाण्याच्या दुकानात विचारलेत तर तिसराच घोळ होतो. सनहेम्प म्हणजे आपला ताग आणि डेक्कन हेम्प म्हणजे अंबाडी, दोन्हींचा भांगेशी काही संबंध नाही.

जून ते जानेवारी दोन्ही तेले मिरची, कोबी, वांगी आणि अंगणातल्या जास्वंदीवर वापरली. जागा बेळगावजवळच्या कडोली-उचगावकडची, तांबडी माती, पाणी बोअरचे.

सुगंधी तेलाचे आधी. इटलीतल्या संशोधकांनी 2018 मध्ये औद्योगिक हेम्पच्या तेलाची चाचणी प्रसिद्ध केली. मावा आणि घरमाशीवर ते जोरदार चालले, पाने खाणाऱ्या अळीवर मध्यम आणि डासांच्या अळ्यांवर फारच कमी. लेडीबर्ड भुंगेरे आणि गांडुळांना इजा दिसली नाही. मळ्यातही साधारण हेच चित्र दिसले. मिरचीच्या शेंड्यावरचा मावा दोन-तीन तासांत काळवंडून गळतो. कोबीतली चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी मात्र एक दिवस सुस्तावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खायला लागते.

मात्रा लिटरला 5 मिली. त्या चाचणीत निम्मा मावा मरायला लिटरला साडेतीन मिली लागले होते, त्यामुळे 'चार थेंब टाका' हा सल्ला सोडून द्या. तेल थेट पंपात ओतायचे नाही. आधी वाटीत 5 मिली तेल आणि दीड मिली पातळ साबण एकजीव करायचा, त्यात 50 मिली कोमट पाणी धारेने घालत दुधासारखे पांढरे होईपर्यंत ढवळायचे आणि मग लिटरभर पाण्यात मिसळायचे. वर तेलाचे डोळे तरंगले की मिश्रण फुटले. तसेच फवारले तर एका झाडावर नुसते पाणी पडते आणि दुसऱ्याची पाने करपतात. फुटण्याचे कारण बहुतेक वेळा बोअरचे जड पाणी असते, त्यात साबणाची साय धरते. पागोळीचे पाणी वापरा, नाहीतर साबणाऐवजी रिठ्याचे पाणी. मिश्रण चांगले जमले तरी दर दहा मिनिटांनी पंप हलवावा लागतो.

फवारणी संध्याकाळी पाचनंतर, पानाच्या खालच्या बाजूने. अंगावर पडेल तीच कीड मरते. कोबीच्या माव्यावर मेणाची भुकटी असते, तिथे साबण दोन मिली केला तरच थेंब टिकतो. लिटरला 10 मिली वापरून भर उन्हात फवारले तेव्हा मिरचीची कोवळी पाने कडेने तपकिरी झाली. नव्या पिकावर आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस थांबावे.

खरी अडचण म्हणजे हे तेल टिकत नाही. दुसऱ्या दिवशी पानाला वासही राहत नाही. मावा पिल्लेच घालतो, त्यामुळे सुटलेल्या दहा-वीस किडींतून आठवड्यात शेंडा पुन्हा भरतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी फेरी घ्यावी लागते. मुंग्यांची रांग तोडली नाही तर त्याहून लवकर. जुलै-ऑगस्टच्या झडीत हा उद्योग व्यर्थ आहे, उघडीप मिळेपर्यंत बाटली उघडूच नये.

पंपाचेही हाल होतात. या तेलाने रबरी वायसर फुगतो आणि दांडा जड जातो, म्हणून काम झाल्याबरोबर साबणाच्या पाण्याने पंप धुवायचा. तेल मोजायला पातळ प्लास्टिकचा कप घेऊ नका, काचेचा घ्या.

आता बियांचे तेल. त्यात किडीला विषारी असे काही नाही. लिटरला 10 मिली साबणासह मारले की किडीवर थर बसतो आणि ती गुदमरते, हे काम कोणतेही तेल करते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर उपयोग झाला, पण फवारणीआधी ओल्या फडक्याने त्यांचा कापसासारखा थर पुसून काढला होता, त्याचे श्रेय तेलाला किती द्यायचे? शिवाय हे तेल जवसासारखे सुकणारे आहे. पंपात राहिले की दोन दिवसांत नोझलमध्ये वार्निशसारखा चिकट थर धरतो, तो सुईनेही निघत नाही. पानांवर तसाच चकाकणारा थर राहतो आणि धूळ धरतो.

खर्चाचा हिशेब करून बघा. 16 लिटरच्या पंपाला 80 मिली सुगंधी तेल, म्हणजे 10 मिलीच्या आठ बाटल्या. वाढलेल्या मिरचीला एकरी 200 लिटर पाणी धरले तर एका फवारणीला लिटरभर तेल, आणि तेही चार दिवसांपुरते. 10,000 पीपीएमचे (म्हणजे अझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य एक टक्का असलेले) निंबोळी तेल लिटरला 2 ते 3 मिली पुरते, कीड खाणे सोडते आणि कातही टाकू शकत नाही. एकराला तेच बरे. हेम्पचे सुगंधी तेल कुंड्या, परसबाग किंवा रोपवाटिकेच्या एखाद्या वाफ्यापुरते ठीक.

घरीच तेल काढू, हा विचार मात्र नको. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात बी आणि सुटे पान गांजात मोडत नाही, फुलोरा मोडतो, आणि सुगंधी तेल फुलोऱ्यातूनच निघते. विकत घेतलेल्या बाटलीचेही बिल जपून ठेवा, विशेषतः चोर्ला घाटातून गोव्याला किंवा कोगनोळीवरून सीमेपलीकडे महाराष्ट्रात जाताना.

तंबाखूच्या पट्ट्यात, निपाणीकडे, कुणी हमखास म्हणेल, त्यापेक्षा तंबाखूचा काढा मारा. निकोटीनने मावा मरतो हे खरे, पण ते कातडीतून माणसाच्याही अंगात भिनते, आणि तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवर जाऊ शकतो.

सुगंधी तेलाची बाटली उघडल्यावर थंड, अंधाऱ्या जागी ठेवली तरी चौथ्या महिन्यापासून तेल दाट होत गेले आणि असरही उतरला. लहान बाटलीच घ्यावी. बियांचे तेल शिल्लक असेल तर फ्रीजमध्ये ठेवून चटणीवर घाला, हेम्पच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला 2021 पासून खाद्यपदार्थ म्हणून परवानगी आहे. रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला की तेल खवट झाले, मग ते विळ्या-खुरप्यांच्या मुठींना चोळायला उत्तम.